हरण्याच्या पट्ट्याचा ट्रक

काल माळ्यावरून रिमोटचा ट्रक काढला, टाकीत नायट्रो, म्हणजे एरंडेल मिसळलेलं इंधन, भरलं आणि इंजिन चालू केलं. जळक्या एरंडेलाचा वास आला आणि मी मनानं थेट गावच्या घाटात, बैलगाडा शर्यतीच्या चढाच्या धावपट्टीवर, जाऊन उभा राहिलो.

तेव्हा शर्यतींवर बंदी होती. आण्णांनी, माझ्या वडिलांनी, बैल विकले होते. मी मात्र खुशीत होतो. ट्रकची चासी, म्हणजे खालचा सांगाडा, जुन्नरहून पत्र्यातून कापून आणली होती, दांडगी चाकं बसवली होती. टाकी हलू नये म्हणून आण्णांनी हरण्या बैलाच्या घुंगरमाळेचा चामडी पट्टा स्वतः कापून दिला होता. मी तो सहज घेतला.

ट्रक किंचाळत घाटाच्या चढाला सुटला. आण्णांनी मूठभर भंडारा उधळला आणि मागं धावत ओरडले, "हुर्रर्र! चल रं हरण्या!"

मी हसलो. "आण्णा, इंजिन हाय ते. त्याला ऐकू येत न्हाई."

ते थांबले. "पळताना बैलालाबी कुठं ऐकू येतं, लेका? आपुन आपल्यासाठीच वरडतो."

मग ते बांधावर जाऊन बसले. मी आणखी फेऱ्या मारत राहिलो.

आता शर्यती पुन्हा भरतात, आण्णा नाहीत. काल अंगणात ट्रक सुटला तेव्हा आण्णांची तीच हाक ओठांवर आली होती. पण कोणत्या तोंडानं मारणार?