कॉम्प्युटरची दृष्ट

सासूबाईंना काहीही झालेलं नाही, हे मी त्या उन्हाळ्यात इतक्यांदा सांगितलं की पुढेपुढे ते मलाच पाठ झालं. नवरा मस्कतला नोकरीला, इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघीच. पुण्याचे मोठे दीर दर रविवारी फोन करायचे. आई विसरते का, तेच तेच बोलते का, एकदा डॉक्टरांना दाखवू या का. मी फटकन म्हणायचे, ऐंशीच्या माणसाने चष्मा कुठे ठेवला ते विसरायचं नाही तर कोणी विसरायचं? पण खरं कारण वेगळं होतं. काही निघालं असतं तर दीर त्यांना पुण्याला घेऊन गेले असते. सोळा वर्षं आम्ही भांडत, एकमेकींची खोड काढत एका घरात राहिलो होतो. मला त्या हव्या होत्या, स्वार्थ म्हणा हवं तर.

मी घरून पुस्तकांची जुळणी करते. प्रेसकडून मजकूर येतो, मी तो कॉम्प्युटरवर पानांत बसवून परत पाठवते. टेबल सासूबाईंच्या खोलीत आहे, कारण खिडकी तिथेच मोठी. मे महिन्यात तो कॉम्प्युटर दुपारी दोनच्या सुमाराला हँग व्हायला लागला. आतला पंखा घरघरायचा, मग बाण पडद्यावर जिथल्या तिथे थिजायचा, आणि कुठलंही बटण दाबा, ढिम्म. शेवटी मी बटण दाबून धरून त्याला बंद करायचे. अर्ध्या तासाने सुरू केला की थोडा वेळ चालायचा, पुन्हा तेच.

सासूबाई पलंगावर बसून हे सगळं बघायच्या. तिसऱ्या का चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या, याला नजर लागली. एक म्हातारी रोज दुपारी टक लावून बघत असते म्हणे.

त्यांचं माहेर निफाडकडचं, दृष्टीबिष्टीवर विश्वास पक्का. मी हसले, पण खिडकीतून समोर पाहिलं. समोरच्या बिल्डिंगच्या गॅलरीत एक आजी खरंच बसलेल्या असायच्या, गुडघ्यावर हात ठेवून. म्हटलं, बघत असतील बिचाऱ्या, दुसरं करायचं काय दिवसभर. तरी सासूबाईंच्या समाधानासाठी खिडकी लावून घेतली आणि वर जाड पडदा सोडला. खोली भट्टीसारखी तापली. कॉम्प्युटर दोनच्या ऐवजी बाराला बंद पडायला लागला.

"पडदा लावला, आता तर कोणी बघत नाही ना?" मी विचारलं.

"येती की," त्या म्हणाल्या. "आता तर लय जवळ येती."

मला ते आवडलं नाही. संध्याकाळी भाजी आणताना समोरच्या वॉचमनला मी सहज विचारल्यासारखं विचारलं, त्या गॅलरीतल्या आजी कशा आहेत. तो म्हणाला, त्या तर महिना झाला वणीला लेकीकडे गेल्यात, फ्लॅटला कुलूप आहे. मी भाजीची पिशवी घेऊन तिथेच उभी राहिले. महिनाभरात मी स्वतः त्यांना किती वेळा पाहिलं होतं, ते काही केल्या आठवेना. कदाचित एकदाही नाही. गॅलरीत खुर्ची होती, तिच्यावर मीच त्यांना बसवत होते.

दुसऱ्या दिवशी मी जेवायला उठले तेवढ्यात सासूबाईंनी मीठ, मोहरी आणि सात लाल मिरच्या मुठीत घेतल्या. दृष्ट काढायची तर वस्तूच्या भोवतीनं हात फिरायला हवा. त्यांनी मला टेबल भिंतीपासून ओढायला लावलं. मी कुरकुरत ओढलं. त्या आल्यागेल्याची, घरच्यादारची, सगळ्यांची नावं पुटपुटत कॉम्प्युटरभोवती फिरल्या, आणि मग सगळं तव्यावर टाकलं.

मिरच्यांचा धूर असा उठला की मी खोकून खोकून बेजार झाले. डोळ्यांतून धारा लागल्या. मी ओट्याला धरून वाकले आणि तशीच वर पाहिलं. सासूबाई तव्यावर तोंड नेऊन उभ्या होत्या. धूर त्यांच्या चेहऱ्याभोवती फिरत होता आणि त्या शांतपणे वास घेत होत्या.

"बघ," त्या म्हणाल्या, "ठसका नाय. जबर दृष्ट हाय."

आपल्याकडे तशीच समजूत आहे, दृष्ट लागलेली असली की मिरच्यांचा ठसका येत नाही. पण मी तर गुदमरत होते. याच बाई पूर्वी हॉलमध्ये बसून नुसत्या वासावरून शेजारच्यांचं दूध लागल्याचं सांगायच्या. त्या धुरात मला काहीतरी कळत होतं आणि ते मी कळू दिलं नाही. सरळ ओट्याजवळची खिडकी उघडली.

आणि गंमत म्हणजे त्या दिवशी कॉम्प्युटर संध्याकाळपर्यंत चालला. दुसऱ्या दिवशीही. मी चक्रावले, जराशी घाबरलेही. तिसऱ्या दिवशी केर काढताना टेबल परत भिंतीला लावलं आणि दुपारी तो पुन्हा थिजला. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. कॉम्प्युटरची पाठ भिंतीला चिकटलेली, गरम हवेला जायला वाट नाही, वर मी खिडकी लावलेली. दृष्ट काढायला टेबल ओढलं, तेवढ्यानेच त्याला श्वास मिळाला होता. मला इतका आनंद झाला की काय सांगू. भूत पकडल्याचाच आनंद तो.

मग मी हयगय केली नाही. एमजी रोडवरच्या दुकानातून प्रोसेसर तापू नये म्हणून त्याला लावायच्या पेस्टची ट्यूब आणली, दुकानदाराकडून कृती समजून घेतली आणि कॅबिनेट उघडलं. आतल्या पंख्यावर धुळीचा लोकरीच्या नमद्यासारखा थर होता, त्यात उदबत्तीची राख आणि सासूबाईंचे लांब पांढरे केस गुंतलेले. इतके केस आत कसे गेले असतील? पंखा ओढून घेतो हे मला माहीत होतं, तरी ते एकेक बाहेर काढताना अंगावर काटा आला. जुनी पेस्ट वाळून तिचे पोपडे झाले होते. ती पुसली, नवी लावली, पंखा साफ केला. टेबल भिंतीपासून वीतभर लांब ठेवलं. त्यानंतर कॉम्प्युटर एकदाही अडला नाही.

रविवारी दिरांना मी हे सगळं रंगवून सांगितलं. आईंना काही झालेलं नाही, कॉम्प्युटर तापत होता, झालं. ते नुसतं बरं म्हणाले.

आठ दिवसांनी पुस्तक पूर्ण झालं. शेवटची पानं प्रेसला पाठवली आणि सहाच्या सुमाराला कॉम्प्युटर बंद केला. खोलीत बाहेरचा उजेड अजून होता. माझा मॉनिटर जुना, चकचकीत काचेचा. तो काळा झाला. मी तशीच हात ताणत बसले होते, तेवढ्यात खांद्यामागून सासूबाई हळूच म्हणाल्या, "आली बघ."

मी पाहिलं. काळ्या काचेत माझा चेहरा होता, आणि माझ्या खांद्याच्या वर त्यांचा. बारीक झालेला, केस सुटलेले, डोळे काचेवर रोखलेले. दुपारमागून दुपार मी मॉनिटर काळा करून उठून जात होते आणि त्या काचेसमोर एकट्या बसत होत्या. कॉम्प्युटर बंद पडला की ती यायची. त्यांच्या हिशेबात ती यायची म्हणून तो बंद पडायचा.

मला वळून त्यांच्याकडे बघवेना. मी काचेतच बघत राहिले. त्या जराशा वाकल्या, काचेतलीही वाकली.

"तू वळखती का हिला?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलायची माझी तयारी होती, आजवर तेच करत आले होते. पण तोंडातून खरंच निघालं. "हो," मी म्हणाले. "माझ्या सासूबाई आहेत."

त्यांनी विचार केला. मग माझ्या पाठीत हलकासा धपका घातला, सुनेची चूक दिसली की पूर्वी घालायच्या तसा.

"सासू म्हणती, अन् तिला उभी ठेवली? बसायला सांग की. म्हातारं माणूस हाय, घाबरलंय ते."

मी उठले, त्यांचा हात धरला आणि माझ्या खुर्चीत त्यांना बसवलं. मग बाहेर जाऊन दिरांना फोन लावला आणि म्हणाले, भाऊजी, तुम्ही या.