पोत्याआडची डमरूवाली

आमच्या धंद्यात केर टाकत नाहीत. लग्न होऊन चेन्नईला आले तेव्हा मला सगळ्यात आधी हेच शिकवलं गेलं. दूध कुठं मिळतं, नळाला पाणी कधी येतं, हे सगळं त्यानंतर.

विट्याच्या बाजूची आमची माणसं सोनं गाळायच्या कामासाठी देशभर पांगलेली. आमचं दुकान टी. नगरात, दागिन्यांच्या मोठ्या दुकानांच्या मागच्या बोळात, जिन्याखालची एक खोली. मोडीचे दागिने, कारागिरांच्या कानशीचा चुरा, जे येईल ते मुशीत आटवायचं आणि शुद्ध करून द्यायचं. या कामात सोनं उडतं. दिसत नाही, पण उडतं. जमिनीवर बसतं, पायपुसण्यात जातं, शर्टाच्या बाहीत शिरतं. म्हणून दुकानातला केर, झिजलेली केरसुणी, फाटकं पायपुसणं, सगळं गोणपाटाच्या पोत्यात भरायचं. पोत्याचं तोंड शिवायचं. पुरेशी पोती साठली की जाळायची आणि राखेतून सोनं धुऊन काढायचं.

कोळ्याची जाळीसुद्धा यातून सुटत नसत. दसऱ्याच्या आधी साफसफाई निघाली की माझा नवरा भट्टीच्या वरची, कपाटामागची जाळी बोटांनी गुंडाळून त्यांचा गोळा करायचा आणि पोत्यात टाकायचा.

"जाळं न्हवं ते, चाळण हाय चाळण," असं म्हणायचे हे. "कोळी बिनपगारी कामाला हाय आपल्याकडं."

दुकान ह्यांच्या चुलत्यांचं. त्यांना आम्ही सगळेच आप्पा म्हणायचो. दुकानात पाय ठेवायला जागा नाही, म्हणून भरलेली पोती वेस्ट मांबलमला आमच्या बिऱ्हाडी यायची. एक खोली, एक स्वयंपाकघर. खोलीच्या एका भिंतीला छातीएवढी पोती. त्यात भावकीतल्या सगळ्यांचा वाटा, म्हणून शिवलेलं पोतं सगळ्यांच्या देखतच उघडायचं असा दंडक. मी तर त्या पोत्यांना पदरसुद्धा लागू देत नव्हते. मी आठवीतून शाळा सोडलेली. भाषा येत नव्हती, घरमालक काय बोलतो ते कळत नव्हतं, दारावर कुणी आलं की मी स्वयंपाकघरात शिरायची. आप्पांनी ह्यांना काम दिलं, आम्हाला जागा बघून दिली. त्या माणसाच्या पोत्याकडं वाकडी नजर करायची म्हणजे पापच, असं वाटायचं.

मग मुलगी रांगायला लागली. आणि रांगत जाऊन कशाला धरून उभं राहायचं तर त्या पोत्यांना. गोणपाटाला बोटं छान अडकतात ना.

एका सकाळी स्वयंपाकघराच्या भिंतीवर तळहाताएवढा कोळी बसलेला दिसला. चपटा, लांब पायांचा, पोटाखाली पांढरी चकती धरलेला. मी पोरीला उचललं आणि अशी ओरडले की खालच्या मजल्यावरच्या बाई जिना चढून आल्या. त्या कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. गल्लीत सगळे त्यांना टीचरम्मा म्हणायचे. मूळच्या तंजावरच्या मराठी. त्यांची मराठी ऐकताना कुणीतरी जुनी पोथी तमिळ चालीवर वाचतंय असं वाटे. तोवर आमचं बोलणं जिन्यात हसण्यापुरतंच होतं.

"भिऊं नको गे," त्या म्हणाल्या. "ती कांहीं करीत नाहीं. झुरळें खाते. पोटाशीं काय धरिलें आहे, पाहिलेंस?"

"काय?"

"तूंच पाहा. मग सांग."

आमच्या घरात मला कुणी असं म्हणालं नव्हतं, तू बघ आणि सांग म्हणून. मी लांबूनच बघितलं. चकती तिच्या अंगाचा भाग नव्हती. ती चालली की चकती तिच्याबरोबर जरा घसटत जायची.

"अंडी असतील," मी म्हणाले.

"शाबास," टीचरम्मा म्हणाल्या. एवढ्याशा शब्दानं मला दिवसभर काम सुचेना.

त्यानंतर मला नादच लागला. पोरगी झोपली की मी बॅटरी घेऊन कोपरे धुंडायची. न्हाणीतला लांब काडीपायाचा, हात लावला की थरथरणारा. खिडकीतला उड्या मारणारा, मान वळवून माझ्याकडं बघणारा. जे दिसेल ते खाली जाऊन सांगायचं. त्या ऐकायच्या, आणि सांगायच्या आधी काहीतरी विचारायच्या. जाळं गोल होतं का गबाळं? वर बसला होता का उलटा लटकला होता? उत्तर आलं नाही की मी परत वर.

असं बघता बघता पोत्यांच्या मागं पोचले. भिंत आणि पोतं यांच्या फटीत गबाळं जाळं होतं, आणि त्यात गोखरूच्या काट्यासारखे बारके गोळे टांगलेले. पांढरट, चहूबाजूंनी काटेरी. मला वाटलं, गावाकडचं गोखरू इथं कसं आलं? शेजारी उलटा लटकलेला मटकीच्या दाण्याएवढ्या पोटाचा तपकिरी कोळी, पायांवर पट्टे. दिसायला गरीब. काडीनं जाळं ओढलं तर धागा तटतट तुटला, दोऱ्यासारखा मजबूत. आणि कोळी पाय आखडून खाली पडला, मेल्यासारखा.

हे सांगितलं तेव्हा टीचरम्मांनी काही विचारलं नाही. त्या लगेच उठल्या. वर येऊन त्यांनी माझा हातआरसा मागितला, फटीत खालून धरला, बॅटरी मारली.

"पाहा. पोटावर."

आरशात नारिंगी खूण दिसली. हुबेहूब डमरू.

त्यांनी पहिल्यांदा काय केलं तर माझ्या मुलीला स्वतःच्या कडेवर घेतलं. मग म्हणाल्या, ही खूण विषारी कोळ्याची. हा आपणहून अंगावर येत नाही, लाजाळू आहे. पण अंगाखाली दाबला, कुणी मुठीत धरला, तर चावतो. मोठ्या माणसाला बहुतेक वेळा दुखून जातं. लहान मुलाचं आपण सांगू शकत नाही. चावलाच तर जागा साबणानं धुवायची, बर्फ लावायचा आणि तडक दवाखाना. घरचे पाले नकोत, चोखणं नको, चिरणं नको.

मी पोरीच्या मुठीकडं बघत होते. तिची मूठ टीचरम्मांच्या पदराला धरून होती, जशी ती गोणपाटाला धरायची.

"पण हे आले कोठून?" टीचरम्मा म्हणाल्या. "जिन्यांत नाहींत, माझ्याकडे नाहींत."

मग मी सगळी पोती एकेक करून न्याहाळली. गोळे सगळ्या पोत्यांवर नव्हते. दसऱ्याच्या सफाईच्या पोत्यांवर होते, आणि त्यांच्या शेजारच्यांवर. बाकीची कोरी. मला एकदम ह्यांची बोटं आठवली, जाळी गुंडाळणारी. जाळ्याबरोबर काटेरी गोळेही पोत्यात गेले असणार. आत पिल्लं फुटली आणि गोणपाटाच्या विणीतून बाहेर आली. आम्हीच त्यांना टी. नगरातून शिवून आणलं होतं.

हे ऐकून टीचरम्मा आधी हसल्या. मग पोरीकडं बघून हसू थांबवलं.

संध्याकाळी हे दुकानातून आले तेव्हा मी सगळं सांगितलं. ह्यांनी ऐकून घेतलं, पण म्हणाले, "मटकीएवढा कोळी आन तू वाघ आल्यागत करतीस. फवारा मारू की."

"आणि पोरगी तिथंच तोंड लावणार."

"मग पोती ठेवू कुठं? आप्पांच्या डोक्यावर?"

दोन-तीन दिवस मी मुलीला झोळीतून खाली सोडलं नाही. ती रडून लाल व्हायची. पाय झाडायची, पोत्यांकडं हात करायची. चालायच्या वयाच्या लेकराला किती दिवस टांगून ठेवायचं?

रविवारी आप्पा जेवायला आले. मी त्यांच्यासमोर कधी बोलत नसे. वाढता वाढता पदर सावरला आणि म्हणाले, "आप्पा, पोती आधी जाळा."

ह्यांचा घास हातातच राहिला.

"का गं बाई?" आप्पा म्हणाले. "शिवलेलं पोतं सगळ्यांच्या देखत सोडायचं असतं. अजून निम्मी मंडळी गावाला हायत."

"सोडू नका. शिवलेलंच जाळा, पोत्यासकट. इथं जे हायत त्यांच्या देखत."

हे मला त्या क्षणाला सुचलं नव्हतं. झोळी हलवताना कितीतरी वेळा मनात घोळवलं होतं. पण तोंडातून निघालं तेव्हा माझाच आवाज मला अनोळखी वाटला.

"पूचीला भ्यालीस व्हय?" आप्पा हसले. किड्याला ते तमिळमधलं पूचीच म्हणायचे, आणि कोळ्याचं ह्यांनी त्यांना आधीच सांगितलं होतं. त्यांच्या दुकानात आम्ल उकळायचं, त्यांची बोटं कायम पिवळी. भीती म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नाही अशी आमची समजूत.

मी आरसा आणि बॅटरी आणून दिली. आप्पा हात धुऊन वाकले, बघितलं. बराच वेळ बघितलं.

"आरं तिच्या, डमरू हाय की! आन हे काटं कसलं?"

"अंडी. एकेका गोळ्यात पुष्कळ."

आप्पा सावकाश मागं सरले, कॉटवर बसले आणि दोन्ही पाय वर घेतले. पँटच्या दोन्ही पायांत डोकावून बघितलं.

ह्यांना हसू आवरेना. "आप्पा, बिनपगारी कामगार हायत आपलं."

"कामगार तुझा तू सांभाळ. आदी फोन लाव सगळ्यांला."

दुसऱ्याच दिवशी भावकीतली चेन्नईत असलेली माणसं आली. गावाकडच्यांना आप्पांनी फोनवरून कळवलं होतं. दुकानातले आम्लाचे रबरी हातमोजे घातले, बाह्या मनगटापर्यंत ओढल्या. टीचरम्मा जिन्यावर उभ्या राहून सूचना देत होत्या. पोत्याखाली हात घालायचा नाही, आकड्यानं ओढायचं. प्रत्येक पोतं जाड प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड बांधून. ओझी वाहणारे आमचे रांगडे गडी, पण त्या दिवशी नवरीच्या पेट्या उचलाव्यात तशी पोती उचलत होते. भिंतीवर उरलेली जाळी मी लांब काठीला फडकं गुंडाळून काढली, गोळे गरम साबणाच्या पाण्यात बुडवले. फडकं टाकायला निघाले तर आप्पा खालून ओरडले, "ए पोरी, ते बी पिशवीत घाल! सोनं हाय त्यात!"

पोती शहराबाहेरच्या, केर जाळायच्या शेडवर गेली आणि तिथंच जळाली. नंतरची पोती आप्पांनी दुकानाच्या माळ्यावर ठेवायला लावली, आणि जाळी काढताना काठी वापरायची असं सगळ्यांना बजावलं. टीचरम्मांकडं मी पुढं कितीतरी वर्षं जात राहिले. त्यांच्याकडं मी जे शिकले त्याला परीक्षा नव्हती, पण मला आजही वाटतं की माझी शाळा खरी तिथं सुरू झाली.

पोती गेल्यावर ती भिंत फार मोठी दिसायला लागली. खोली पुसली, कोपरे पुन्हा बॅटरीनं बघितले, मग मुलीला झोळीतून काढून खाली ठेवलं. ती तडक तिकडंच रांगत गेली. धरायला काही नाही हे तिला कळेना. मग दोन्ही पंजे चुन्याच्या भिंतीवर टेकले, चापट्या मारत मारत वर सरकवले आणि लटपटत उभी राहिली. मी मागं हात पसरून बसले होते. तिला धरलं मात्र नाही.