हापूस चवीचा धूर आणि माझी पडजीभ

"तुमची पडजीभ डावीकडे सरकली आहे," टॉर्च विझवत डॉक्टरीणबाई इंग्रजीत म्हणाल्या. "उजव्या टॉन्सिलमागे पू साठलाय. पेरिटॉन्सिलर ऍब्सेस."

म्हणजे टॉन्सिल आणि त्यामागचा स्नायू यांच्या फटीत झालेलं गळू. बाईंनी हे हवामान सांगावं तशा सुरात सांगितलं. माझं तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नव्हतं, थुंकी गिळवत नव्हती, आणि कागदी पेल्यात लाळ गाळत मी बसलो होतो. मी म्हणजे आमच्या महाराष्ट्र मंडळाचा मुख्य नट. वय सत्तेचाळीस. गणपतीतल्या प्रयोगाला अठरा दिवस बाकी.

मी काहीतरी विचारलं. तोंडात गरम उकडीचा मोदक धरून बोलावं तसा आवाज निघाला.

"तो विचारतोय, नाटकाचं काय," माझी बायको माधवी म्हणाली.

"आधी श्वासाचं बघू," बाई म्हणाल्या.

आता या गळूचा मूळपुरुष. वीस वर्षं मी सिगरेट ओढली. २०१७च्या वसंतात आमचा दिग्दर्शक शिरीष म्हणाला, "तुझा दम स्वगत संपायच्या आत संपतो, काहीतरी कर." मग मी इथल्या आमच्या मिल्टन गावातल्या, ग्रोसरीशेजारच्या दुकानातून वेप, म्हणजे ई-सिगरेट, आणलं. काउंटरवरच्या दाढीवाल्या गृहस्थांनी छातीवर हात ठेवून सांगितलं की यात वाफ आणि स्वाद यापलीकडे काही नाही. विज्ञान त्यांनी बहुधा दाढीतच ठेवलं असावं. स्वाद होता 'अल्फान्सो'. मी रत्नागिरीचा. भांडी घासायचा साबण अढीत घालून पिकवला असता, तर त्याला तशी चव आली असती. तरी मी ते ओढलं, रोज ओढलं, आणि तालमीत ढग सोडून टाळ्याही घेतल्या. आंब्याशी इतकी बेइमानी आमच्या घराण्यात आजवर कोणी केली नसेल.

जूनपासून सकाळी घसा कोरडा पडे. जुलैत आवाज चिरका झाला. मी एसीला दोष दिला, परागकणांना दिला, शेजाऱ्यांच्या लॉनमोवरलाही दिला. ज्येष्ठमध चघळला, हळद-दूध प्यायलो, आणि मध्ये मध्ये अल्फान्सो ओढला. माझी मुलगी ईशा एकदाच म्हणाली, "बाबा, दॅट्स सो ग्रोस." तिला मी संस्कारांवर छोटं भाषण दिलं.

ऑगस्टमध्ये घशाची उजवी बाजू दुखू लागली, कळ कानापर्यंत जाई. तेव्हा मी पुण्याची पिशवी काढली. इथल्या प्रत्येक मराठी घरात ती असते: भारतातून येताना भरून आणलेली, कोणाच्या तरी दाढदुखीतून उरलेल्या गोळ्यांची. अँटिबायोटिकच्या चार गोळ्या सापडल्या. दोन घेतल्या, जरा बरं वाटलं, म्हणून दोन पुढच्या वेळेसाठी जपून ठेवल्या. पुढची वेळ चौथ्या दिवशीच आली. ताप एकशे दोन, जबडा बंद. शिरीषने गाडी काढली आणि आम्हा दोघांना इमर्जन्सीत आणलं. साडेचार तास वेटिंग रूम. समोर हॉकी खेळून दात पाडून घेतलेला एक माणूस माझ्याकडे कीव येऊन बघत होता.

तपासणीच्या खोलीत बाईंनी पुढचे प्रश्न सुरू केले.

"स्मोकिंग?"

मी बाणेदारपणे मान हलवली. नाही.

"वेपिंग?"

मान खालीवर हलली, पण बाणेदारपणा गेला होता.

"ग्लास, बाटली, काही कोणाशी शेअर करता?"

इथे मी ताठ बसलो. कागद मागून घेतला आणि लिहिलं: 'आमच्यात उष्टं चालत नाही.' माधवीनेही अभिमानाने समजावलं, की आम्ही पाणी वरून पितो, बाटलीला ओठ लावत नाही, लहानपणापासूनची सवय आहे.

मागे शिरीष खाकरला. "वेप मात्र फिरतं. स्वगत झालं की सगळे एकेक झुरका घेतात."

"सगळे म्हणजे किती?" माधवी त्याच्याकडे वळली.

"सहा."

"सहा जणांनी एकच नळी चोखली?"

"चोखली नाही हो वहिनी, ओढली."

"मग काय, वरून ओतून घेतली?"

भाषांतर ऐकून बाई हसल्या नाहीत. त्या शिरीषकडे बघत राहिल्या. "तुमचा घसा कसा आहे?" शिरीषचा घसा दोन दिवस दुखत होता. त्याने ते प्रयोगासाठी लपवलं होतं.

दोघांच्या घशातून स्वॅब घेतला, म्हणजे लांब काडीवर कापूस फिरवून नमुना. दोघांना स्ट्रेप निघाला, घशाला जडणारा जंतू. पुढच्या आठवड्यात कळलं की सहातल्या चौघांना तो होता.

"हे वेपिंगमुळेच झालं असं मी म्हणणार नाही," बाई म्हणाल्या. "तेवढं अजून कोणालाच माहीत नाही. पण त्या द्रावातलं ग्लायकॉल ओलावा शोषून घेतं. कोरड्या, चिडलेल्या घशात जंतूंना शिरायला सोपं जात असावं. त्यात एकच नळी सहा तोंडांत. आणि अर्धवट औषध."

मग घशात बधिर करणारा फवारा, आणि सुई. काय निघालं ते लिहीत नाही. एवढंच सांगतो, की त्याची चवही अल्फान्सोपेक्षा प्रामाणिक होती. अर्ध्या तासात थुंकी गिळता आली, आणि मी बाईंचा हात धरून रडलो. सलाइनमधून अँटिबायोटिक, मग दहा दिवस गोळ्या. या वेळी सगळ्या.

आठवड्याने ईएनटीच्या डॉक्टरांनी नाकातून बारीक कॅमेरा घातला. त्याला लॅरिंगोस्कोपी म्हणतात, त्यात स्वरतंतू दिसतात. माझे लाल आणि सुजलेले होते. तीन आठवडे मौन. कुजबुजही नाही.

बेसमेंटमध्ये किंवा पार्किंग लॉटमध्ये चवीचे ढग सोडणाऱ्या मित्रांनो, सिगरेट सोडायची तर डॉक्टरांशी बोलून सोडा. घसा आठवडाभर धरला, एकीकडेच दुखला, तोंड उघडेना, तर पुण्याची पिशवी उघडू नका. माझं वेप मी ई-वेस्टच्या खोक्यात टाकलं. ते एका जुन्या प्रिंटरशेजारी पडलं, आणि मला प्रिंटरची लाज वाटली.

नाटक झालं. बाकीचे औषध घेऊन वेळेत बरे झाले. माझी निवृत्त न्यायाधीशाची भूमिका मात्र रिकामी होती. तीन महिने स्वयंपाकघरात माझं स्वगत ऐकून ते पाठ झालेली एकच व्यक्ती गावात होती. न्यायाधीशाची न्यायाधीशबाई झाली.

मी विंगेत, मुका. प्रत्येक नटाच्या बाटलीवर त्याचं नाव लिहायचं काम माझ्याकडे. स्वगताआधी माधवी थांबली. संहितेत नसलेला तांब्या तिने टेबलावरून उचलला, मान मागे टाकली, आणि ओठ न लावता वरून पाणी प्यायली. शांतपणे, घोट घोट. तांब्या खाली ठेवताना थेट माझ्याकडे बघितलं. प्रेक्षकांना वाटलं, काय बारकाईचा अभिनय! टाळ्या पडल्या.

मग तिने माझं सबंध स्वगत एका दमात म्हटलं. मला हसूसुद्धा आवाज न करता हसावं लागलं.