झोपाळ्याआधीची तपासणी

सासूबाई या वेळी आमच्याकडे जपानला, सेंदाईला आल्या तेव्हा त्यांची बॅग मला उचलेना. मी मनातल्या मनात खूश झाले. वर्षभर मेतकूट, भाजणी आणि गोड्या मसाल्याची वाट बघत होते, आणि एवढं वजन म्हणजे ऐवज भरपूर असणार. घरी येऊन बॅग उघडली, तर चार ड्रेस, औषधांची पिशवी आणि जुन्या चादरीत गुंडाळलेल्या पितळी कड्या. कोथरूडच्या त्यांच्या फ्लॅटमधल्या झोपाळ्याच्या.

"आई, आणि मेतकूट?"

"वजनात बसेना," त्या म्हणाल्या. "फळीही नाही बसली. ती इथे करून घेऊ."

खरं सांगायचं तर मी चिडलेच. नवरा मात्र कड्या हातात घेऊन बघत होता. मग माझ्यामागे स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाला, "अगं, तिने झोपाळा काढलाय." तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

तो झोपाळा म्हणजे सासूबाईंचं ठाणं. चहा तिथे, पेपर तिथे, भाजी निवडणं तिथे, आम्हाला फोनवर चार गोष्टी सुनावणंही तिथूनच. सासरे होते तेव्हा संध्याकाळी दोघं त्यावर बसत आणि एकाच वेळी बोलत. ऐकायचं काम कुणाकडेच नव्हतं. ते गेल्यावर आम्ही सासूबाईंना इथे आणलं होतं. व्हिसा तीन महिन्यांचा, पण त्या निम्म्यातच परतल्या. सोफ्याच्या कडेवर बसायच्या, दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघत असल्यासारख्या. "तुमचं सगळं छान आहे," जाताना म्हणाल्या, "पण मी इथे पाहुणी आहे." त्याच बाई आता कड्या घेऊन आल्या होत्या. हा त्यांचा दुसरा प्रयत्न होता, आणि तिसरा त्या करणार नाहीत हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. झोपाळा लागला तर त्या दर वर्षी येतील. नाही लागला तर कोथरूडला एकट्या राहतील, आणि आता तिकडे झोपाळाही नाही.

घर आमचं स्वतःचं होतं, एवढी जमेची बाजू. जपानमध्ये भाड्याच्या घरात भिंतीत खिळा ठोकायचीसुद्धा सोय नसते. अशा घरांत आम्ही इतकी वर्षं काढली, की टेकडीवरचं हे जुनं लाकडी घर विकत घेतल्यावर मी पहिल्या दिवशी नुसते खिळेच आणले होते. घर घेताना एजंट सगळी कागदपत्रं समोर बसवून मोठ्याने वाचून दाखवतो, असा इथला नियम आहे. आम्ही सत्यनारायणाच्या पोथीला बसल्यासारखे हात जोडून मान डोलावत होतो. त्यात एक वाक्य होतं, या घराची ॲस्बेस्टॉससाठी तपासणी झाल्याची नोंद नाही. त्या वाक्यालाही आम्ही मान डोलावली आणि पुढच्या पानावर गेलो.

ते वाक्य आठवलं सुतार आला तेव्हा. छतातली तुळई कुठून जाते ते बघायला नवऱ्याने त्याला बोलावलं होतं. त्याने दोन-तीन ठिकाणी टकटक केलं, घर कधीचं आहे ते विचारलं आणि शिडीवरून खाली उतरला. त्या काळच्या छताच्या पत्र्यांत, तक्त्यांत ॲस्बेस्टॉस घालायचे, भोक पाडलं की त्याची धूळ फुप्फुसात जाते आणि ती घातक, म्हणाला. असेल किंवा नसेल. पण आधी तपासणी करून घ्या, तोवर मी भोक पाडणार नाही. आणि तोवर तुम्हीही पाडू नका, असं त्याने माझ्या नवऱ्याच्या हातातल्या ड्रिलकडे बघून सांगितलं.

इथून आमच्या घरात महाभारत सुरू झालं. तपासणी करायची हे ठरलं, पण कुठली? एका कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, घराचे जुने नकाशे पाठवा, आम्ही ते बघून कळवतो. यायची गरज नाही. दुसरी म्हणाली, कशाला तपासता, ॲस्बेस्टॉस आहे असं धरूनच चाला आणि सगळी काळजी घेऊन काम करा, तशी मुभा असते. तिसरी घर पाडताना करतात तशी पूर्ण तपासणी करून देत होती. छप्पर, भिंती, न्हाणीघर, बाहेरचे तक्ते, प्रत्येकाचा तुकडा काढायचा आणि भिंतीच्या आतही शिरून बघायचं.

माझा नवरा विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवतो. त्याला अर्थातच तिसरी आवडली. "अर्धवट माहितीपेक्षा पूर्ण माहिती बरी," म्हणाला. त्याआधी, प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक आहेच, मीच एक तुकडा काढून नेतो, असाही एक विचार त्याने मांडून पाहिला होता. माझा चेहरा बघून तो त्याने मागे घेतला. मला नकाशावाली तपासणी पटत होती, कारण तिला लोक घरात येत नाहीत. घरात लोक आले की मला चहा करावा लागतो आणि चांगलं जपानी बोलावं लागतं, आणि एका दिवशी दोन्ही जमत नाही.

जेवताना आम्ही हुज्जत घालत होतो. सासूबाई आमटीभात कालवत ऐकत होत्या. त्या पुण्यात एका पॅथॉलॉजी लॅबच्या प्रमुख होत्या, हे इथे सांगायला हवं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण समोरच्याचं रक्त घ्यायच्या तयारीत असल्यासारखं बघायची सवय गेलेली नाही.

"तुला घर पाडायचंय का?" त्यांनी मुलाला विचारलं.

"नाही गं."

"मग खोकला झाला म्हणून माणसाचं पोट कशाला फाडतोस?" मग माझ्याकडे वळल्या. "आणि तू. नुसती जुनी फाइल बघून कावीळ आहे की नाही सांगणारा डॉक्टर चालेल तुला?"

"पण आई, आहे असंच धरून चाललं तर?" नवरा म्हणाला.

"आहे असं धरून औषध देतात ते घाई असली की. आपल्याला तीन महिने आहेत." त्यांनी ताक ओतून घेतलं. "हे बघ, रिपोर्ट नमुन्याचा असतो. जिथे भोक पडणार, तिथला नमुना घ्या. बाकी घर नीट बसलंय, त्याला बसू दे."

चौथ्या कंपनीने नेमकं हेच सांगितलं. काम जिथे करायचं तेवढाच भाग बघायचा, संशय आला तर तुकडा काढून तपासायला पाठवायचा, आणि हे करायला तसं शिक्षण घेतलेलंच माणूस हवं. सासूबाईंनी "मी काय म्हणत होते" असं तोंडाने म्हटलं नाही, पण त्या दिवशी त्यांनी एक पोळी जास्त खाल्ली.

तपासणीला एक तरुण बाई आली. तिने दारातच पायांत आवरणं चढवली, वाकून नमस्कार केला आणि पहिला प्रश्न विचारला, झोपाळा कुणासाठी? मी म्हटलं, सासूबाईंसाठी. तिने कागदावर लहान मुलांच्या खेळण्यापुढे केलेली खूण खोडली. मग तिने आजींचं वजन विचारलं. ते भाषांतर करायला मी जरा वेळ घेतला. सासूबाईंनी सांगितलेला आकडा माझ्या माहितीप्रमाणे त्यांच्या तरुणपणातल्या पानशेतच्या सहलीच्या वेळचा होता, म्हणून जपानीत सांगताना मी त्यात थोडी भर घातली.

"आणि नेमका कुठे टांगायचा?"

मी आणि नवरा एकदमच "हॉलमध्ये" म्हणालो. तिथे मोठी खिडकी आहे, खाली पार नदीपर्यंतचं शहर दिसतं. आम्ही फळीची दिशासुद्धा ठरवून ठेवली होती.

सासूबाई उठल्या आणि मागच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. "इथे," म्हणाल्या.

ती माझी खोली. पूर्वीच्या मालकांची तिथे पियानोची खोली होती, म्हणून छताला आवाज शोषणारे, वाळवीने खाल्ल्यासारख्या नक्षीचे पांढरे तक्ते आहेत. लग्न होऊन नवऱ्यामागून जपानला आल्यापासून मी अनुवादाचं काम जेवणाच्या टेबलावर, भांड्यांच्या गराड्यात केलं. या घरात मला पहिल्यांदा दार मिळालं होतं. दार लावलं की कुणी आत यायचं नाही, असा माझा कडक नियम होता आणि सासूबाईसुद्धा तो पाळत होत्या.

"अहो आई, तिथे काहीच दिसत नाही. शेजाऱ्यांची भिंत दिसते."

"मला काय नदी बघायचीय? दिवसभर घरात तू असतेस, तर तू असशील तिथे मी बसेन. बोलणार नाही मी. तू काम कर." आणि मग, माझ्याकडे न बघता, "तिकडे झोपाळ्यावर बसून समोरची रिकामी खुर्चीच बघत असायचे मी."

तपासणीवाली बाई वाट बघत होती. तिला मी सांगितलं, दोन्ही खोल्यांतला नमुना घ्या. तिने आम्हाला बाहेर काढलं, तोंडावर मास्क चढवला, छतावर पाणी फवारलं, नखाएवढे तुकडे काढून पिशव्यांत बंद केले आणि उघडी जागा झाकून टाकली. सासूबाई दाराच्या काचेतून एकटक बघत होत्या. "लेबल आधी लावलं," त्या मला म्हणाल्या. "चांगली आहे पोरगी." त्यांच्या लॅबमध्ये हे वाक्य ऐकायला माणसं वर्षं घालवत असत.

निकाल आला. हॉलचं छत साफ होतं. माझ्या खोलीच्या तक्त्यांत ॲस्बेस्टॉस होतं. हात लावला नाही, भोक पाडलं नाही, तर त्याचा त्रास नाही, असं त्या बाईने समजावून सांगितलं. तक्ते काढायचेच असतील तर त्यासाठी वेगळी माणसं, वेगळी परवानगी, आणि ते होईपर्यंत सासूबाईंचा व्हिसा संपलेला.

"मग हॉलमध्येच लावा," सासूबाई म्हणाल्या. "छान आहे हॉल."

तो आवाज मी ओळखला. "तुमचं सगळं छान आहे" हे त्याच आवाजात म्हणून त्या मागच्या खेपेला गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा कामावर गेल्यावर मी माझ्या टेबलावरचा पसारा उपसला. मला जड गेलं, खोटं कशाला बोलू. ते दार मला फार आवडायचं. टेबल दारातून तिरकं करून निघेना, तेव्हा सासूबाई आल्या, त्यांनी दुसरी बाजू उचलली, आणि आम्ही दोघींनी ते ढकलत हॉलमध्ये आणलं. खिडकीपाशी नाही, ती जागा झोपाळ्याची. टेबल त्याच्या समोर.

सुताराने देवदाराची फळी करून दिली आणि कड्या तुळईत अशा बसवल्या, की छत पडेल पण झोपाळा पडणार नाही, असं नवऱ्याला वाटून त्याला वेगळीच काळजी लागली. सासूबाई बोलणार नव्हत्या. त्या दिवसभर बोलत. माझ्या कामाच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये कड्यांची कुरकुर ऐकू येई, आणि हा आवाज कसला, असं एका जपानी सहकाऱ्याने विचारलं तेव्हा मी "सासूबाई" एवढंच सांगितलं. एकदा भूकंपाचा हलका धक्का बसला. दिवे हलायच्या आधी झोपाळा हलला आणि सासूबाई चटकन म्हणाल्या, "मी पाय लावलेला नाही." मी हसले, मग घाबरले, मग आम्ही दोघी टेबलाखाली शिरलो.

या वेळी त्या पूर्ण तीन महिने राहिल्या. जाताना बॅग हलकी होती, म्हणून मी त्यात माच्चा चहा आणि बिस्किटं कोंबली. कड्यांचा विषय दोघींनीही काढला नाही.

परवा फोन आला तेव्हा मी विचारलं, "आई, तिकडे आता बसता कशावर?"

"खुर्च्या आहेत की. झोपाळ्याच्या हुकांना दोरी बांधलीय, कपडे मस्त वाळतात." मग लगेच, "तू टेबल परत आत नाही ना नेलंस?"

समोर रिकामा झोपाळा होता आणि त्याच्या मागे नदीपर्यंतचं शहर.

"नाही, आई," मी म्हटलं. "तिथेच आहे."