टाकीला पाजलेलं फिनेल

आमचे हे घरी आले की दिसायच्या आधीच मला कळतं. जिन्यातच वास येतो. सडका कोबी, आंबलेलं पीठ आणि नासकी अंडी एकत्र कालवली तर कसा येईल, तसा. माणसाला सगळ्याची सवय होते म्हणतात. मला नाही झाली. इतकी वर्षं संसार करून मला अजून ढवळतं, आणि ते मी त्यांच्यापासून कधी लपवलंही नाही.

भाजीबाजाराच्या मागे जमिनीत पुरलेली एक टाकी आहे. बाजारात जे विकलं जात नाही, चिरडतं, सडतं, ते हे बारीक करून, पाण्यात कालवून त्या टाकीत ढकलतात. आत डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. ते हा पाला पचवतात आणि गॅस सोडतात. त्या गॅसवर शेजारच्या वसतिगृहातल्या मुलींचा स्वयंपाक होतो. टाकीवर लोखंडी टोपण आहे. गॅस साठला की ते वर येतं, संपला की खाली बसतं, आणि आमच्या ह्यांचा जीवही त्या टोपणाबरोबर वरखाली होतो. "आज काय पादलीय म्हणून सांगू!" असं भर जेवणात, तोंडात घास असताना सांगतात. मी ताट घेऊन उठते. लेक लहान होती तेव्हा खो खो हसायची. मोठी झाली तशी तीही ताट घेऊन उठायला लागली.

लग्न झाल्यावर तिने सासरी सांगितलं, बाबा गॅस प्रकल्प सांभाळतात. खोटं म्हणता येत नाही, पण प्रकल्प म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काचेची केबिन येते. विहीणबाईंनी हट्टच धरला, आम्हाला दाखवा. मग लेकीचा फोन आला. "बाबा, जरा स्वच्छ करून ठेवाल ना? म्हणजे... वास तेवढा नको."

"अगं, लख्ख करतो! तू ये तर," हे म्हणाले.

आणि केलंही लख्ख. एरवी झाडूवाली साबणाच्या पाण्याची बादली घेऊन टाकीजवळून गेली तरी माझे जंतू मरतील म्हणून तिच्या अंगावर धावून जाणारा हा माणूस. त्याने स्वतःच्या हाताने फिनेलचा अख्खा कॅन अंगणात ओतला, पाला कालवायचा हौद घासला, नाली धुतली. ती नाली कुठे जाते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? सरळ टाकीच्या तोंडात जाते.

विहीणबाई आल्या. नाकाशी धरायला रुमाल आणलाच होता, तो त्यांनी परत पर्समध्ये ठेवला. "अगंबाई, इथे तर मुळीच वास नाही!" हे असे फुलले की बघवेना. लेकीने कितीतरी वर्षांनी त्यांचा हात धरला आणि सगळीकडे तसाच धरून हिंडली. फिनेलने माझं डोकं भणभणत होतं.

त्यानंतर टोपण खाली बसत गेलं आणि वर आलंच नाही. वसतिगृहाची शेगडी आधी फुरफुरली, मग विझली. आचारीणबाईंनी येऊन ह्यांचा उद्धार केला. पाठोपाठ बाजाराचे सेक्रेटरी आले. महिनाअखेरपर्यंत शेगडी पेटली नाही तर टाकीत माती भरून टाकू म्हणाले. "तुम्हाला गेटवर खुर्ची देतो. सावलीतलं काम आहे, कपडेही स्वच्छ राहतील." वर जणू उपकार केल्यासारखं हसले. मेल्याला एक थोबाडीत द्यावीशी वाटली.

"तुम्हाला कळत नव्हतं का हो?" मी ह्यांना विचारलं.

"कळत होतं गं. वाटलं, एवढ्याशाने काय होतंय. पोरगी पहिल्यांदाच येत होती."

पुढचे काही दिवस हे घरी यायचे आणि भिंतीला टेकून बसायचे. अंगाला कसलाही वास नाही. मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण तो बिनवासाचा, गुपचूप बसलेला माणूस मला परका वाटायचा. त्याला गेटवर बसवलं तर तो तिथेच वाळून जाईल, हे मला स्वच्छ दिसत होतं.

मग एका सकाळी ते उठले आणि म्हणाले, "आतले मेलेत. नवे घालायला हवेत. पाला पचवणारे सगळ्यांत जोरकस जंतू कुठे असतात माहितीये? चरणाऱ्या जनावराच्या पोटात. कत्तलखान्यात पोट फाडल्यावर आतला अर्धवट पचलेला चारा फेकूनच देतात." त्या दिवशी त्यांनी निम्मी टाकी उपसून काढली. कोमट पाणी भरलं. आता नुसता तो चारा आणायचा होता.

हातगाडीवर झाकणाचे डबे ठेवून आम्ही गेलो. आणि ज्या माणसाने जन्मभर कोपरापर्यंत हात घालून सडका भोपळा कुस्करला, तो दारातलं रक्त बघून पांढराफटक पडला आणि मटकन खालीच बसला! घाणीला न भिणारा, पण रक्त सोसवत नाही. इतक्या वर्षांत हे मला माहीत नव्हतं.

मग काय, पदर खोचला आणि मीच आत शिरले.

खाटीक हसायला लागला. "वहिनी, मटण सोडून हे न्यायला आलेलं गिऱ्हाईक पहिलंच हं!" त्याने सुरी फिरवली आणि पोटाची पिशवी माझ्यापुढे उघडली. आत हिरवा-काळा, अर्धवट चावलेला, बुळबुळीत लगदा होता. वासाचं वर्णन करायला माझ्याकडे शब्द नाहीत, आणि असते तरी लिहिले नसते. मी हात घातला. तो लगदा ऊन होता. नुकतंच कुणीतरी चघळून ठेवल्यासारखा ऊन. मी नालीत ओकले, दंडाला तोंड पुसलं आणि परत हात घातला.

बाहेरून पाठ करून बसलेले हे ओरडत होते, "पटपट भर! त्यांना हवा सोसत नाही! गार होऊ देऊ नकोस गं!"

"तुमच्या जंतूंना सोसत नाही, मग मला सोसतं का?" मी आतून ओरडले. खाटीक पोट धरून हसत होता.

डबे टाकीत रिकामे केले. ह्यांनी टाकीला काही दिवस उपाशी ठेवलं, मग लहान मुलाला भरवावं तसा मूठमूठ पाला दिला. टोपण हललं. पण सुरुवातीला निघालेला गॅस पेटेना. हे टाकीशीच बसून राहिले, घरी यायचे ते नुसते जेवायला. महिना संपत आला होता. सेक्रेटरी मातीचा ट्रक ठरवून मोकळे झाले, आणि त्याच दुपारी आचारीणबाईंनी काडी लावली तशी शेगडी भप्पकन निळी पेटली. ह्यांनी भर स्वयंपाकघरात, मुलींसमोर डोळे पुसले. टाकीजवळ उभं राहवत नव्हतं, इतकी घाण सुटली होती.

त्याच आठवड्यात लेकीचा फोन आला. तिच्या सासूबाईंना मैत्रिणींना घेऊन टाकी बघायला यायचं होतं. "बाबांना सांग ना, परत तसंच धुवून ठेवायला."

मी तिला सगळं सांगितलं. फिनेलचं सांगितलं, मातीच्या ट्रकचं सांगितलं, नालीत ओकल्याचंही सांगितलं. "वास येणारच, बाळा. यायचं तर तशीच ये."

ती म्हणाली, "मग नको, आई. राहू दे." आणि फोन ठेवला.

हे दाराशीच उभे होते. "तिचा होता ना? कधी येतायत?"

"येणार आहेत. सध्या तिच्याकडे पाहुणे आहेत, ते गेले की," मी म्हणाले.

त्यांचा चेहरा उजळला. "आधी कळव म्हणावं. यावेळी फिनेल नाही हं, नुसत्या पाण्याने धुतो. थोडा वास राहील. तेवढा चालेल ना तिला?"

"न चालायला काय झालं? चालेल," मी म्हणाले, आणि मला माझ्याच जिभेची शिसारी आली.