प्रबंधावरचं पातेलं

ओट्यावर जागा नव्हती म्हणून मी आमटीचं उकळतं पातेलं टेबलावरच्या काळ्या, जाड पुस्तकावर ठेवलं. उचललं तेव्हा सोनेरी अक्षरं बुडाला चिकटून आली. तो बायकोचा पीएचडीचा प्रबंध होता.

नुकसान बघायला उघडला आणि उभ्याउभ्याच वाचत राहिलो. दुखण्याने हैराण झालेला उंदीर समोरचं अन्न सोडतो; मॉर्फिनने दुखणं शमलं की पुन्हा खाऊ लागतो. ते कसं, हे शोधण्यात हिने सहा वर्षं घातली. आज ती एका औषध कंपनीत गोळ्यांच्या खोक्यातल्या माहितीपत्रकांची मुद्रितं तपासते.

माझा संताप संताप झाला. प्रयोगशाळेच्या मुलाखतीत "उशीर झाला तर घरच्यांच्या जेवणाचं काय?" असं हिला विचारणाऱ्या त्या टकल्या साहेबाची गचांडी धरावीशी वाटली. मग आठवलं, नेमणुकीचं पत्र आल्यावर मीही तेच विचारलं होतं. साहेबाने विचारूनही नोकरी दिली होती. माझ्या प्रश्नानंतर हिने ती सोडली. माझं जेवण मात्र एक वेळही चुकलं नाही.

ही मागे येऊन उभी राहिली.

"कव्हर गेलं गं," मी पुटपुटलो.

"जाऊ दे," ती म्हणाली. "वीस वर्षांत पहिल्यांदाच उघडलास ना?"