अल खोरला मेलेल्यांच्या सणाला जाऊन आले

आधी फोटोचं सांगते. आईचा धड असा एकच फोटो आहे, तो सिन्नरला माझ्या धाकट्या भावाकडे, टीव्हीच्या वर. तीन आठवडे दत्ताला म्हणतेय, मोबाइलने त्याचा फोटो काढ आणि पाठव. कधी चष्मा सापडत नाही, कधी काचेवर लाइट चमकते, कधी नुसतंच "बघतो ताई". आईच्या दहाव्याला कावळा तासभर पिंडाला शिवला नाही, तेव्हा मात्र अख्ख्या भावकीला सांगायला याला वेळ होता. "ताई आली नाही, म्हणून अडलाय." माझा इथला आयडी रिन्यूला अडकला होता, मला कतारच्या बाहेर पाऊल टाकता येत नव्हतं. हे दत्ताला माहीत होतं. कावळ्याला माहीत नसेल.

फोटो हवा होता रोसाकडे न्यायला. रोसा मेक्सिकोची. दोहात, अल मुंतझाला, आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहायची, मग नवऱ्याच्या कामापायी अल खोरला गेली. त्यांच्यात नोव्हेंबरच्या सुरुवातीला मेलेल्यांचा सण असतो. घरात त्यांचे फोटो मांडायचे, आवडीचं खायला ठेवायचं, की ते येतात. रोसा म्हणाली, तुझ्या आईला घेऊन ये आणि येताना झेंडू आण. म्हणजे आईपेक्षा झेंडू जास्त लागणार होता.

झेंडू आमच्याकडे दिवाळीच्या सुमाराला इंडियन दुकानात मिळतो, पण सकाळी लवकर जा, नंतर नुसती देठं उरतात. सहा माळा घेतल्या. दोहाच्या बस स्टँडवरून अल खोरची बस पकडली. दीड तास धरून चाला. एसी एवढा की शाल न्या. दोन्ही बाजूंना वाळू, बघण्यासारखं काही नाही, झोपलात तरी चालेल. माझी मुलगी तन्वी सोबत होती, कारण रोसाचं इंग्रजी मला अर्धं कळतं आणि माझं तिला पावच.

पोचलो आणि रोसाने माझ्या माळा तोडायला घेतल्या. पैसे देऊन ओवून आणलेल्या माळा! पाकळ्या कुस्करून दारापासून आतल्या टेबलापर्यंत वाटच केली. मेलेल्यांना वास धरून रस्ता सापडतो म्हणे. टेबलावर तिच्या वडिलांचा फोटो, पुढे कोलाची बाटली, झाकण उघडून ठेवलेली. मी विचारलं, उघडी का? "त्यांच्या हाताला संधिवात होता," रोसा म्हणाली.

मी तिच्या किचनमध्ये श्राद्धाचा स्वयंपाक केला. वडे, खीर, कांदा-लसूण नाही, चाखायचं नाही. खीर उतरवते न उतरवते तोच रोसाने चमचा घातला आणि चाटला.

"खलास," मी म्हटलं. "उष्टी झाली."

"मम्मी, शी वॉज जस्ट टेस्टिंग."

"तेच करायचं नसतं."

रोसा वड्याचा तुकडा मोडून खाऊन बसलीसुद्धा. तन्वीने तिचं म्हणणं मराठीत सांगितलं, "ती म्हणते, यात मीठ नाहीये. आजी एवढ्या लांबून येणार आणि अळणी खाणार का?"

मी खाऊन बघितला. मीठ नव्हतं.

"आणि आजी हेटेड खीर, मम्मी."

हे खरंय. आईला खीर बघवत नसे. तिला चहा लागायचा, उकळून काळा केलेला, तीन चमचे साखर, बशीत ओतून. शुगर निघाली तेव्हा दत्ताने साखरेचा डबा कपाटात ठेवून कुलूप घातलं. शेवटची दोन वर्षं ती बिनसाखरेचा चहा प्यायली, आणि फोनवर मला रोज तेवढंच सांगायची. मी म्हणायचे, तुझ्या भल्यासाठीच आहे ना.

मी चहा केला. चार चमचे घातले. बशी ठेवली. फोटो नव्हता, म्हणून वहीच्या कागदावर मीच नाव लिहिलं, सुमन. माझं अक्षर चौथीपर्यंतचं आहे, पण आईला वाचताच येत नव्हतं, त्यामुळे चाललं.

मग बसलो. मी सारखी खिडकीकडे बघत होते. रोसाने विचारलं, काय बघतेस? मी कावळ्याचं सांगितलं. पक्षी शिवला तर माणूस तृप्त. नाही शिवला तर इच्छा राहिलीय. मग घरचे एकेक कबूल करत जातात, हे करू, ते करू, जोवर तो खाली येत नाही.

"मग तेव्हा आला का?"

"आला. दत्ताने घराचं कबूल केलं, पोराच्या लग्नाचं केलं, हलला नाही. शेवटी पिंडाजवळ वाकून काहीतरी पुटपुटला आणि कावळा लगेच खाली. चुलतबहिणीने बघितलं."

"काय पुटपुटला?"

मला माहीत नव्हतं. चार वर्षं झाली, मी विचारलंच नाही. तो मला बोल लावतोय म्हणून मी भांडत बसले.

दुसऱ्या दिवशी सगळं आपणच खायचं असतं. बशीतला थंड चहा मी प्यायले. फार गोड होता.

घरी आले. कागद फ्रिजवर लावलाय. जायचं असेल तर जा, पण रोसासारखी ओळख लागते, तिकीट मिळत नाही.

दत्ता, तू हे वाचतोस मला माहितीय. तुझ्या पोराच्या लग्नातल्या मठ्ठ्यावर लिहिलं होतं तेव्हा पाच मिनिटांत फोन आला होता. फोटो राहू दे. कावळा शिवला तेव्हा तू काय कबूल केलंस, तेवढं सांग. माझ्याबद्दल असेल तर ते मला करायचंय, चार वर्षं ती थांबलीय. रविवारी संध्याकाळी सातपर्यंत. "बघतो ताई" चालणार नाही.